झॉफनं खाल्लेले गोल

इटलीचा जुना गोलकीपर आणि 2000 साली त्यांच्या फुटबॉल टीमचा कोच असलेल्या डिनो झॉफनं तेव्हा राजीनामा द्यायला नको होता, असं आमचा एक मित्र गेली पंचवीस वर्षं म्हणतोय. "एवढ्याशा बोलण्यावरनं कोण इटलीचं कोचपद सोडतंय?" हे त्याचं वाक्य आम्हाला पाठ झालंय. तो जन्मभर फॉरवर्डला खेळला, मी गोलमध्ये. वादाचं मूळ तिथंच आहे.

नव्या पोरांना झॉफ म्हटलं की 1982 चा वर्ल्ड कप उंचावणारा चाळिशीचा कॅप्टन आठवतो, तेही फोटोतला. त्याच्या आधीचं सांगतो. चौदाव्या वर्षी इंटर आणि युव्हेंटस या दोन्ही क्लबांनी त्याला बुटका म्हणून घरी पाठवलं. मग आजीनं अंड्यांचा खुराक लावला आणि पोरगं वाढलं. 1961 मध्ये उदिनेझे क्लबकडून पहिल्या डिव्हिजनचा पहिला सामना खेळला, त्यात फिओरेंतिनाकडून पाच गोल खाल्ले. पाच! पुढं त्याच युव्हेंटसकडून अकरा सीझन खेळला आणि सहा वेळा लीग जिंकला.

1972 ते 1974 या काळात इटलीकडून सलग 1142 मिनिटं त्यानं एकही गोल खाल्ला नाही. तो विक्रम मोडला हैतीच्या इमॅन्युएल सॅनॉननं, 1974 च्या वर्ल्ड कपमध्ये. सामना इटलीनं 3-1 असा जिंकला, पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? सॅनॉनचा गोल. कीपरचं हे असंच असतं. अडवलेल्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

1978 च्या वर्ल्ड कपला तर कहरच. हॉलंड आणि ब्राझीलनं लांबून मारलेले चार गोल त्याच्या अंगावर आले, आणि याला आता दिसत नाही, असं पेपरांनी लिहिलं. वय छत्तीस. झॉफ उत्तर द्यायला गेला नाही, खेळत राहिला. चार वर्षांनी स्पेनमध्ये ब्राझीलविरुद्ध इटली 3-2 नं पुढं असताना, शेवटच्या मिनिटांत ब्राझीलच्या ऑस्करचं हेडर त्यानं गोलरेषेवर दाबून धरलं. तो बॉल आत गेला असता तर बरोबरी होऊन इटली घरी. गंमत म्हणजे त्या वर्ल्ड कपमध्ये इटलीच्या खेळाडूंनी पत्रकारांशी अबोला धरला होता आणि सगळ्यांच्या वतीनं बोलायचं काम होतं कॅप्टनकडं. म्हणजे टीममधल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाकडं!

आता कोच झॉफ. 1988 मध्ये युव्हेंटसनं त्याला कोच केलं. जोडीला असिस्टंट म्हणून गाएतानो शिरेआ, वर्षानुवर्षं त्याच्यासमोर उभा राहिलेला स्वीपर, म्हणजे कीपरच्या आधीचा शेवटचा बचावपटू, आणि जिवाभावाचा दोस्त. सप्टेंबर 1989 मध्ये यूएफा कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेमधला पुढचा प्रतिस्पर्धी बघायला शिरेआ पोलंडला गेला आणि तिथंच मोटार अपघातात वारला. छत्तीस वर्षांचा होता. त्याच सीझनमध्ये झॉफनं यूएफा कप जिंकला आणि मिलानला त्यांच्याच मैदानावर हरवून इटालियन कपही जिंकला. एवढं करून युव्हेंटसनं त्याला नारळ दिला, कारण क्लबला आता 'आधुनिक' फुटबॉल हवा होता. नव्या कोचच्या हाताखाली टीम सातवी आली. असो.

1998 च्या वर्ल्ड कपनंतर इटलीची टीम त्याच्याकडं आली. युरो 2000 च्या तोंडावर कीपर बुफॉनचा हात मोडला, म्हणून गोलमध्ये तोल्दो उभा राहिला. अॅम्स्टरडॅमची सेमी फायनल आठवतेय? इटलीचा झांब्रोत्ता 34 व्या मिनिटाला रेड कार्डवर बाहेर, दहा जणांवर खेळ, आणि हॉलंडनं चालू सामन्यात दोन पेनल्टी घालवल्या. मग शूटआउटमध्येही तोल्दोच. तो सामना मी पुन्हा पुन्हा बघतो. गोलकीपर कोच झाला की टीम कशी उभी करतो, ते त्यात आहे. लोक त्याला रडीचा खेळ म्हणतात, म्हणू देत.

फायनल 2 जुलैला, रॉटरडॅममध्ये, फ्रान्सशी. आपल्याकडं मध्यरात्र उलटून गेलेली. इटलीकडून देल्वेकियोचा गोल, देल पिएरोनं घालवलेले दोन चान्स, इंज्युरी टाइम, बाकावरचे इटालियन खेळाडू एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून धावायच्या तयारीत... आणि फ्रान्सचा विल्टोर्ड. तोल्दोच्या हाताखालून. पुढं त्रेझेगेचा गोल्डन गोल, म्हणजे जादा वेळेतला पहिला गोल, की सामना तिथंच संपला आणि फ्रान्स जिंकला. आमच्या घरात टीव्ही बंद केला तो कुणी, तेही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी बर्लुस्कोनी बोलला. तेव्हा इटलीतल्या विरोधी पक्षाचा नेता, मिलानचा मालक, म्हणजे सगळ्याच विषयातला जाणकार. फ्रान्सच्या झिदानवर माणूस लावायला हवा होता, हे नवशिक्यालाही कळलं असतं, असं त्याचं म्हणणं. आणि वर झॉफच्या लायकीवर घसरला. झॉफनं पत्रकारांना बोलावलं, या गृहस्थाकडून मला प्रतिष्ठेचे धडे नकोत अशा अर्थाचं बोलला आणि पद सोडलं. फायनलला दोन दिवस झाले होते फक्त.

माझा मित्र म्हणतो, 1978 ला आंधळा म्हटलेलं चाललं, मग हे का लागलं?

अरे, तेच तर! 1978 चे गोल त्यानं खाल्ले होते. लांबून आलेला बॉल जाळीत गेला, तो याच्या नावावर. कीपरला त्यावर शिव्या मिळणार हे तो ग्लोव्ह्ज घालतानाच मान्य करतो. विल्टोर्डचा गोलही कोच म्हणून त्याच्याच नावावर, आणि त्याबद्दल पोस्टमॉर्टेम करायचा हक्क कुणालाही होता. झिदानचा मुद्दा तर मलाही थोडा पटतो, खोटं कशाला बोलू. पण "चुकलास" आणि "नालायक आहेस" यातला फरक गोलमध्ये उभ्या राहिलेल्या माणसाला फार बारकाईनं कळतो. कारण पहिलं तो रोज ऐकत असतो.

कीपर कोच झाले की त्यांच्या नशिबी हे येतंच, असंही वाटतं कधीकधी. ब्राझीलच्या लिआवला 2001 च्या कॉन्फेडरेशन्स कपनंतर काढला. स्पेनच्या लोपेतेगीला तर 2018 च्या वर्ल्ड कपमधल्या पहिल्या सामन्याच्या दोन दिवस आधी. झॉफ निदान स्वतः उठून गेला.

हे सगळं परवा मित्राला पुन्हा सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते सगळं खरं रे, पण तोल्दोनं तो बॉल अडवायला पाहिजे होता."