आत्या, ते मसाल्यातलं दगडफूल नव्हे

टँपाला लेकाकडे गेलेल्या आत्याने घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकलाय: 'अमेरिकेचा दुटप्पीपणा! फ्लोरिडात एका पाखरासाठी रान पेटवतात आणि त्याहून दुर्मीळ दगडफूल जाळतात. पाखरू उडून जाईल, दगडफूल कुठे जाईल? म्हणे गाणारा पक्षी, ओरडतो कावळ्यासारखा! आणि दगडफूल तर बाजारात किलोवर मिळतं.'

दुर्मीळही आणि किलोवरही, एकाच दमात! गोडा मसाल्यातलं दगडफूल झाडांच्या सालींवर नि खडकांवर वाढतं. हे क्लॅडोनिया परफोराटा, जगात फक्त फ्लोरिडात. पांढऱ्या वाळूवर नुसतं सुटं पडलेलं असतं, कशाला धरून नाही. तुकडा मोडून बाजूला पडला, तर तिथे वाढणार, तेही सावकाश. 1995 च्या ओपल वादळात समुद्र आत शिरला आणि वायव्य किनाऱ्यावरचं बरंचसं वाहून गेलं. 1993 साली अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेलेलं हे पहिलं दगडफूल. हे कोण किलोवर विकतंय?

पाखरू म्हणजे फ्लोरिडा स्क्रब-जे, 1987 पासून त्याच यादीत, एक पायरी खाली. पायरी मोलाची नसते, नामशेष व्हायला किती जवळ त्याची असते. आवाज कर्कश आहे, हो. पण गानपक्षी गोडव्यावरून ठरत नाहीत. आपला कावळाही त्यातच येतो.

'उडून जाईल' म्हणे! आर्चबोल्ड संशोधन केंद्रात 1969 पासून या पक्ष्यांच्या पायांत कड्या घालून पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवल्यात. मोठी झालेली पिल्लंसुद्धा लगेच घर सोडत नाहीत, आईबापांना धाकटी भावंडं वाढवायला मदत करतात. सोडलं तरी बहुतेक जवळपासच.

आता आग. आगीत ते दगडफूल मरतं, हे खरं आहे. एवढं मान्य करावंच लागेल. पण उघड्या वाळूत जळायला काही नसतं, आग तिथे अडते आणि तिथलं दगडफूल वाचतं. जाळलंच नाही तर ओकची झुडपं माजतात, वाळू पाल्याखाली जाते. स्क्रब-जे ओकच्या बिया पुरणार कुठे नि दगडफूल पडून राहणार कुठे? म्हणून तुकड्यातुकड्याने, मध्ये वर्षं जाऊ देऊन जाळतात. भाजावळ आणि वणवा यांतला फरक आपल्या कोकणात पोरंही सांगतील. दोघांचं रान खरं गिळलं ते संत्र्यांच्या बागांनी आणि घरांनी. फॉरवर्डमध्ये त्याचा शब्द नाही.

आत्या, दादाला म्हणावं एखाद्या रविवारी आर्चबोल्डकडे ने, दोन-अडीच तासांचा तर रस्ता आहे. वाळूत मात्र पाय जपून टाक.