चार की तीन: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. फुफ्फुसांतलं रक्त हृदयात आणणाऱ्या फुफ्फुसशिरा चार असतात, असं मी एका लेखात लिहिलं होतं. त्याखाली आपण लिहिलंत, "चार शिरा ही नुसती घोकंपट्टी. माझ्या सीटीत तीनच निघाल्या. गूगल करून लेख पाडण्यापेक्षा ॲब्लेशननंतर [हृदयाची लय बिघडवणाऱ्या जागा जाळण्याच्या उपचारानंतर] शिरा आकसतात, त्रास उलटतो, हे लिहिलं असतं तर उपयोग झाला असता."

'लेख पाडणे' हे मला झोंबलं, खोटं कशाला बोलू. ३१ वर्षं शरीररचनाशास्त्र शिकवलं. फॉर्मलिनने डोळे चुरचुरत असताना पोरांच्या हातात हृदय देऊन, ते पालथं करून, या शिरांच्या तोंडांतून डाव्या अलिंदात, म्हणजे हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात, बोटं घालायला लावली आहेत. बोटाला जे लागतं ते घोकावं लागत नाही हो.

एक मान्य. 'चार'च्या आधी 'बहुधा' लिहायला हवं होतं, ते राहिलं. पण म्हणून आपलं 'तीन' बरोबर ठरत नाही. माझा अंदाज असा, की आपल्या रिपोर्टात तीन शिरा नसून तीन तोंडं असतील. काही माणसांत डावीकडची वरची आणि खालची शीर अलिंदाच्या उंबरठ्याआधीच एकमेकींना मिळतात आणि एकाच तोंडाने आत शिरतात. दोन ओढे पुलाच्या अलीकडे मिळाले, म्हणून रानात ओढा एकच होता असं कोणी म्हणतं का? उजवीकडे उलटा प्रकार. फुफ्फुसाच्या मधल्या खंडाची शीर सहसा वरच्या शिरेत जाते, पण कधीकधी स्वतंत्र उघडते. मग तोंडं पाच होतात.

ही मोजदाद रिकामटेकडी नाही. अलिंदाचा स्नायू या शिरांच्या मुळाशी बाहीसारखा आत गेलेला असतो आणि एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे अलिंदाचे ठोके बेताल होण्याच्या विकाराची, ठिणगी बहुतेक वेळा तिथेच पडते. फ्रान्समधल्या बोर्दोच्या हृदयतज्ज्ञ हाइसागेर यांच्या गटाने १९९८ मध्ये ४५ रुग्णांत अशी ६९ ठिकाणं शोधली, त्यांतली ६५ फुफ्फुसशिरांत होती. म्हणून तर ॲब्लेशनआधी बरेचदा सीटी काढून तोंडं किती, कुठे, केवढी ते पाहतात. म्हणजे ज्या सीटीच्या जोरावर तुम्ही मला सुनावताय, तो काढला गेला तो बहुधा याच घोकंपट्टीपायी!

आकसण्याचं म्हणाल, तर पूर्वी शिरेच्या आत जाळत, तेव्हा तो प्रकार जास्त होई. आता तोंडाच्या बाहेर, अलिंदाच्या भिंतीवर जाळतात, त्यामुळे प्रमाण बरंच घटलं. त्रास उलटण्याचं तुमच्या कार्डिऑलॉजिस्टना विचारा. लेख रचनेवर होता, मी दवाखाना उघडलेला नाही.

आणि रिपोर्टातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं असतंत, तर दोघांचाही वेळ वाचला असता. 'कॉमन ट्रंक' (सामाईक खोड) किंवा 'कॉमन ऑस्टियम' (सामाईक तोंड) असे शब्द त्यात आहेत का, तेवढं बघा आणि कळवा.