कॅप्टन फायनलला का नव्हता?

"पळपुटा!" बापू म्हणाले, आणि हातातला चहा तसाच राहिला.

विषय पूनमनं काढला होता. ती विद्यापीठाच्या संघातून हॉकी खेळते, फुलबॅक, म्हणजे गोलीच्या पुढं बचावाला. 29 ऑगस्टच्या, म्हणजे ध्यानचंदच्या जन्मदिवसाच्या कार्यक्रमात शाळेतल्या मुलांसमोर तिला बोलायचंय. सगळे ध्यानचंदवरच बोलतात म्हणून तिनं 1928 च्या ऑलिंपिकमधला आपल्या हॉकी संघाचा कॅप्टन, जयपाल सिंग मुंडा निवडला. खडकीत आमच्या कोपऱ्यावर हॉकीचा विषय निघायला तसं निमित्त लागत नाही. धनराज पिल्लै इथलाच, आणि बापूंची सगळी नोकरी ॲम्युनिशन फॅक्टरीत गेलेली. त्यामुळे हॉकीबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला शब्द आम्ही सहसा खोडत नाही. त्या संध्याकाळी मात्र मला गप्प बसवेना.

"1928, ॲमस्टरडॅम," बापू बोटांवर मोजत म्हणाले. "ऑस्ट्रिया सहा, बेल्जियम नऊ, डेन्मार्क पाच, स्वित्झर्लंड सहा. आपल्यावर एकही गोल नाही. रिचर्ड ॲलन गोलीत उभा होता म्हणजे भिंतच. मग 26 मेला फायनल, हॉलंडशी, त्यांच्याच गावात. ध्यानचंद अंगात ताप घेऊन उतरला. आणि कॅप्टन? कॅप्टन संघ सोडून गेलेला! पिनिगरनं टीम सांभाळली, तीन शून्यनं जिंकून दिली. आता तुम्ही मला सांगा, ह्याला काय म्हणायचं?"

"बापू, मॅनेजरशी त्याचं बिनसलं होतं," पूनम म्हणाली. "रॉसर म्हणून इंग्रज होता."

"बिनसतं गं. कोणाचं बिनसत नाही? फायनल झाल्यावर भांडायचं."

नित्या तोवर मोबाईलमध्ये डोकं घालून होता. स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, त्याला हॉकीशी देणंघेणं नाही. पण पूनमनं पुढचं सांगितलं तसा तो ताडकन उठला. जयपाल त्या वेळी ऑक्सफर्डला होता. आयसीएससाठी, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या वरच्या सरकारी नोकरीसाठी निवड झालेली, परिविक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा काळ चालू. ऑलिंपिकसाठी त्यानं रजा मागितली, लंडनच्या इंडिया ऑफिसनं ती नाकारली. हा रजेशिवाय गेला. परत आल्यावर त्याला एक वर्ष जादा परिविक्षा करायला सांगितलं. त्यानं आयसीएसच सोडून दिली.

"सोडली? आयसीएस?" नित्याचा आवाज चिरकला. "अरे, तेव्हा एका जिल्ह्याचा राजा असायचा तो माणूस! आमच्यासारख्यांनी रात्र रात्र जागायचं आणि ह्यानं हातात आलेली पोस्ट काठी-चेंडूसाठी फेकायची? बापू म्हणतात ते राहू दे, मला तर हाच वेडेपणा वाटतो."

म्हणजे दोन आरोप झाले, आणि ते एकमेकांच्या उलटे. बापूंच्या मते त्यानं खेळासाठी पुरेसं केलं नाही, नित्याच्या मते खेळासाठी भलतंच करून बसला. मी म्हटलं, दोघांनी आधी हा माणूस कुठून आला होता ते बघा.

जन्म 1903 चा, खुंटीजवळच्या टकरा गावातला. छोटा नागपूरचा मुलूख, आज झारखंडात येतो. मुंडा आदिवासी घर. रांचीला सेंट पॉल्स शाळेत शिकत असताना तिथल्या मुख्याध्यापकांनी, कॅनन कॉसग्रेव्ह यांनी, त्याला हेरलं आणि 1918 मध्ये इंग्लंडला नेलं. पुढे ऑक्सफर्डचं सेंट जॉन्स कॉलेज. तिथं तो विद्यापीठाच्या हॉकी संघात गेला आणि त्याला 'ब्लू' मिळाला, म्हणजे तिथल्या खेळाडूचा सर्वांत मोठा मान. त्या काळातलं हौशी खेळाडूपण हे ज्यांच्या घरी खायला-प्यायला होतं त्यांच्या सोयीचं होतं. खेळाचे पैसे घ्यायचे नाहीत, घेतले तर ऑलिंपिकचं दार बंद. ज्याच्या बापाची जमीनदारी आहे त्याला ह्यात काय अडचण? पण ज्याच्यामागे ना इस्टेट ना घराणं, त्याच्यासाठी खेळ आणि पोट ह्यांत एकच काहीतरी निवडायची वेळ येते. जयपालवर ती वेळ आली आणि त्यानं खेळ निवडला.

"पैसे कोणाकडेच नव्हते तेव्हा," बापू म्हणाले. हे मात्र ते मऊ आवाजात म्हणाले, कारण ही गोष्ट त्यांच्या आवडीची. "मुंबईहून बोट निघाली 10 मार्चला, कैसर-ए-हिंद. निघण्याआधी मुंबईच्या टीमनं ह्यांना तीन-दोननं हरवलेलं. निरोप द्यायला धक्क्यावर किती माणसं? तीन! हॉकी फेडरेशनचे दोघं आणि एक पत्रकार. सगळ्या खेळाडूंना न्यायला पैसे पुरेनात म्हणून शौकत अली आणि आपल्या मध्य प्रांताचा नॉरिस मागंच राहायचे. बंगालनं पैसे उभे केले म्हणून गेले ते. आणि जिंकून आले तेव्हा त्याच मुंबईत ही गर्दी. पालिकेचे डॉ. गोपाळराव देशमुख स्वागताला हजर. पेडर रोडला ज्यांचं नाव आहे ना, ते."

"त्या बोटीत जयपाल नव्हता," पूनम म्हणाली.

"नव्हता. तो तिकडंच होता, तिकडूनच सामील झाला. म्हणून तर म्हणतो, पोरांशी त्याची नाळ जुळली नसेल."

हा मुद्दा खरा आहे, आणि मी तो तिथंच मान्य केला. एकीकडे फौजेतला लान्सनायक ध्यानचंद, रेल्वे-तारखात्यातल्या अँग्लो-इंडियन घरांतली पोरं, आणि त्यांच्या डोक्यावर इंग्लंडात दहा वर्षं काढलेला, ऑक्सफर्डचा कॅप्टन. त्यातून तो आदिवासी आणि मॅनेजर इंग्रज. अशा संघात कॅप्टनचा शब्द किती चालत असेल ह्याचा अंदाज आपण बांधू शकतो. ध्यानचंदनंही आत्मचरित्रात लिहिलंय की जयपाल का गेला हे आपल्याला कधी उमगलं नाही. सोबत खेळलेल्या माणसानं 'कोडं' म्हणून सोडलेल्या गोष्टीला आपण शंभर वर्षांनी खडकीत बसून 'पळपुटा' म्हणायचं, हे मला पटत नाही. बापूंना मी हे तोंडावर सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण पानाची पुडी उघडली. म्हणजे ऐकत होते.

"खेळायचा कसा, ते तरी सांग," नित्यानं विचारलं. एवढ्यात त्याचा राग थोडा ओसरला होता.

पूनमनं पिशवीतून स्टिक काढली. "तोही फुलबॅकच. स्वच्छ टॅकल आणि दणकट फटका, ह्या दोन गोष्टींसाठी नाव होतं त्याचं." तिनं नित्याला रस्त्याकडेला उभं केलं, त्याच्या पायाशी चेंडू ठेवला. "तू उजवीकडून काढून न्यायला बघ. आता मी घाई केली तर माझी स्टिक आधी तुझ्या स्टिकवर नाहीतर पायावर बसणार, म्हणजे फाऊल. सपाट बाजूनंच चेंडू घ्यायचा, पाठीची गोल बाजू लागली तरी फाऊल. त्यामुळे फुलबॅकला थांबावं लागतं. समोरच्यानं चेंडू स्टिकपासून वीतभर सुटा केला की त्याच क्षणी घालायची." तिनं घातली. चेंडू तिच्याकडे, नित्या आहे तिथंच. "त्या वेळी मागं दोनच फुलबॅक असायचे, पुढं तीन हाफ, पाच फॉरवर्ड. दोघांतला एक चुकला की मागं फक्त गोली. असल्या जागी ऑक्सफर्ड ज्याला खेळवतं, तो डोक्यानं गरम असून चालत नाही."

"मग मॅनेजरसमोर का झाला गरम?" बापूंनी लगेच पकडलं. सगळे हसले, पूनमसुद्धा.

नित्या पुन्हा आपल्या मुद्द्यावर आला. कलेक्टर झाला असता तर आपल्याच लोकांचं भलं केलं असतं, असं त्याचं म्हणणं. इथं मला राहवलं नाही. आयसीएस सोडल्यावर त्यानं बर्मा शेलमध्ये नोकरी केली, आफ्रिकेत गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानात, अचिमोटाच्या कॉलेजात शिकवलं, रायपूरच्या राजकुमार कॉलेजात काम केलं. आणि 1939 मध्ये रांचीला आदिवासी महासभेचा अध्यक्ष झाला. 19 डिसेंबर 1946 ला संविधान सभेत नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावावर बोलायला उभा राहिला, तेव्हा स्वतःला 'जंगली' म्हणवून घेत बोलला. आदिवासींना लोकशाही शिकवू नका, ती त्यांच्याकडून शिका, असं त्यानं त्या सभेला सुनावलं. सरकारी नोकरीतल्या कलेक्टरला हे बोलता आलं असतं? दारूबंदीचा विषय आला तेव्हाही उठला, कारण त्याच्या लोकांच्या पूजेत, शेतीच्या कामात हंडिया, म्हणजे तांदळाची दारू असते, हे सभेतल्या बाकीच्यांना सांगणार कोण? वेगळ्या झारखंडाची मागणी त्यानं लावून धरली, पक्ष काढला, 1963 मध्ये तो काँग्रेसमध्ये विलीनही केला. त्या विलीनीकरणावर मात्र त्याची स्वतःची माणसं नाराज झाली, आणि मला वाटतं त्यांचा राग रास्त होता. 1970 मध्ये तो गेला. झारखंड झालं 15 नोव्हेंबर 2000 ला.

"म्हणजे तिथंही शेवटच्या सामन्याआधी…" बापू बोलता बोलता थांबले. वाक्य पुरं केलं नाही, ते बरं केलं. मग म्हणाले, "पळपुटा शब्द मागं घेतो. पण फायनल खेळायला पाहिजे होती. हे मी बदलणार नाही."

"आणि मी त्याच्या जागी असतो तर रजा नाकारल्यावर गपचूप अभ्यासाला बसलो असतो," नित्या म्हणाला. "खोटं कशाला बोलू."

पूनमनं भाषणाचे कागद काढले आणि बापूंना विचारलं, मुलांना फायनलचं सांगू का वगळू? मी म्हटलं, सांग. रॉसरचंही सांग, पिनिगरचंही सांग, ध्यानचंदच्या तापाचंही. आणि रजेचा अर्ज नाकारलेला होता, तो तर आधी सांग. बापूंनी कागद ओढून घेतला आणि 'पिनिगर' नीट लिहिलंय की नाही ते तपासायला चष्मा लावला.