'एस्टिमेट' छापलेली चिठ्ठी म्हणजे बिल नव्हे!

बेळगाव घ्या, खानापूर घ्या, निपाणी घ्या. हार्डवेअरच्या दुकानात ६,४०० रुपयांची वायर, एमसीबी, पाइप घ्यायचे आणि बिल मागायचं. गल्ल्यावरचा माणूस मान वर न करता म्हणतो, "कशाला ओ पक्कं? अठरा टक्के वर पडतील की." आणि हातात 'एस्टिमेट' छापलेली चिठ्ठी ठेवतो. तिच्यावर जीएसटी नंबर नाही, बिल नंबर नाही, कधीकधी दुकानाचं नावसुद्धा नाही. माल खरा, पैसे खरे, वायर गिऱ्हाइकाच्या भिंतीत बसूनही गेली, पण आयकराच्या तपासणीत हा खर्च उभा राहत नाही. मग ते ६,४०० रुपये तुमचा नफा ठरतात आणि त्यावर कर भरतो वायरमन, सुतार, फॅब्रिकेटर, वाइंडिंगवाला. विक्री लपवली दुकानदारानं, भुर्दंड मात्र घेणाऱ्याला. याचा संताप येतो.

बिल देणं ही दुकानदाराची मेहरबानी नाही. जीएसटी नोंदणी असलेल्यानं २०० रुपये आणि त्यावरच्या विक्रीला बिल द्यायलाच हवं, आणि त्याखालच्या विक्रीलाही गिऱ्हाइकानं मागितलं तर द्यायलाच हवं. न दिल्यास किमान १०,००० रुपये दंड आहे. कंपोझिशनमधला, म्हणजे उलाढालीवर ठोक कर भरायच्या योजनेतला, दुकानदार कर न लावता 'बिल ऑफ सप्लाय' देतो, तेही चालतं. चिठ्ठी चालत नाही.

"जीपे केलंय की, तोच पुरावा," हे तर ऐकवतच नाही. यूपीआयच्या नोंदीवरून पैसे कुणाला तरी गेले एवढंच कळतं, काय घेतलं ते कळत नाही. त्यात दुकानाचा क्यूआर मालकाच्या बायकोच्या नाहीतर मुलाच्या खात्याचा! बँकेच्या उताऱ्यात मग भलतंच नाव येतं आणि बिलावरच्या नावाशी ते जुळत नाही. म्हणून पैसे पाठवतानाच नोटच्या रकान्यात साइटचं नाव आणि माल लिहा, आणि व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक बिलावर उतरवा. धंद्याचं खातं वेगळं ठेवा. घरचा किराणा आणि धंद्याचा माल एकाच खात्यातून गेला, तर मार्चमध्ये निवडत बसायची वेळ येते आणि निवडून झाल्यावरही कुणाचा विश्वास बसत नाही.

पेट्रोल पंपाच्या आणि हॉटेलच्या पावत्या म्हणजे तर निव्वळ छळ आहे. त्या कागदावर शाई नसतेच. लेप दिलेला कागद उष्णतेनं काळा पडतो, तीच अक्षरं. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत राहिली तर सगळी पावती काळी, पाकिटात राहिली तर सहा महिन्यांत कोरी. प्लास्टिकच्या पाउचमध्ये अक्षरं उडतात, चिकटपट्टीखालीही उडतात. लॅमिनेशन करायला गेलात तर मशीनच्या उष्णतेनं अख्खी पावती काळी होते. म्हणून त्याच आठवड्यात एका ए-फोर कागदावर सहा-आठ पावत्या मांडून झेरॉक्स काढा आणि प्रत्येकीखाली गाडी नंबर, किलोमीटर, कुठल्या कामाला गेलात ते लिहा. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेला फोटो जपून ठेवलेला धरू नका, फोन बदलला की तो गेला. आणि फास्टॅग रिचार्जचा मेसेज हा खर्चाचा पुरावा नाही. गाडी नंबर, टोलनाका आणि तारीख असलेला महिन्याचा उतारा उतरवून घ्या. कोगनोळीला कापलेले पैसे हा खर्च, टॅगमध्ये भरलेले पैसे नव्हेत.

सगळ्यात जास्त राग येतो तो गाळेवाल्यांचा. "करार नको, पावती नको, रोख द्या." धरा, गाळ्याचं भाडं महिना १५,००० रुपये. एका दिवसात एका माणसाला १०,००० च्या वर रोख दिले की ती रक्कम खर्च म्हणून मान्य होत नाही. वरचे ५,००० नव्हे, पूर्ण १५,००० जातात. सकाळी ८,००० आणि संध्याकाळी ७,००० दिलेत तरी तेच, कारण दिवसाची बेरीज धरतात. वर्षाचे झाले १,८०,०००. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाला ३६,००० रुपये कर आणि वर ४ टक्के सेस, म्हणजे ३७,४४०. जवळजवळ अडीच महिन्यांचं भाडं निव्वळ कागद नाही म्हणून जातं! आणि का, तर मालकाला भाड्याचं उत्पन्न दाखवायचं नाही. भाडं खात्यावरच द्या आणि करार करा. वीजबिल मालकाच्या नावावर येत असेल तर करारातच लिहा की या आरआर नंबरचं (वीजजोडणीच्या नंबरचं) बिल भाडेकरू भरणार. नाहीतर तो खर्चही लोंबकळतो.

शनिवारच्या बटवड्याचंही हेच. मिस्त्रीच्या हातात १४,००० रोख ठेवले आणि त्यानं चौघांना वाटले, तर कागदावर एकालाच १४,००० दिले असं दिसतं. ज्याची मजुरी त्याच्या हातात द्या. प्रत्येकाचं वेगळं व्हाउचर करा: तारीख, नाव, मोबाइल, काम, दिवस, सही किंवा अंगठा. ५,००० च्या वरच्या रोख पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावा. हमाली, रिक्षा, टेम्पोचंही असंच, त्यांच्याकडून बिल मिळणार नाही.

आता सीमाभागाचं खास दुखणं. निपाणीकराला कागल-कोल्हापूर म्हणजे रोजचा बाजार, पण जीएसटीच्या लेखी ते परराज्य. आपला नंबर २९ नं सुरू होतो, त्यांचा २७ नं. कोल्हापूरच्या काउंटरवर बेअरिंग घेतले आणि त्यानं सवयीनं ९ अधिक ९ (केंद्राचे नऊ, महाराष्ट्राचे नऊ टक्के) लावले, तर ते क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची आपल्या जीएसटीतून वजावट, इकडे मिळत नाही. आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा जीएसटी) १८ टक्के लावलाय का ते काउंटर सोडायच्या आत बघा. लॉजमध्ये राहिलात तर कर महाराष्ट्राचाच लागतो, त्यात लॉजवाल्याची चूक नाही. ते क्रेडिट गेलंच, पण खोलीचं भाडं करासकट आयकरात खर्च म्हणून धरता येतं. हे निदान बिल सांभाळणाऱ्याला तरी कुणी सांगावं की नाही?

वर काही सल्लागार म्हणतात, "कशाला एवढं, उलाढालीच्या आठ टक्के नफा दाखवा आणि मोकळे व्हा." ज्याला खरोखर चार टक्के सुटतात त्यानं न मिळालेल्या पैशावर कर भरायचा का? आणि कमिशनवर धंदा करणाऱ्याला तर ती सवलतच नाही.

आर्थिक वर्ष संपल्यावर सात वर्षं हे कागद ठेवायचे आहेत. २०२४-२५ ची फाइल ३१ मार्च २०३२ पर्यंत. आता तपासणी फेसलेस असते, तपासणारा अधिकारी कुठल्याही राज्यात बसलेला असू शकतो. त्याला कन्नड पावती वाचता येईलच असं नाही, मराठी चिठ्ठीही नाही. म्हणून झेरॉक्सवर सोप्या इंग्रजीत एक ओळ लिहा: काय घेतलं, कुठल्या कामाला. जीएसटी नोंदणी असेल तर दर महिन्याच्या १४ तारखेनंतर टूबी (जीएसटी पोर्टलवरची, दुकानदारांनी तुमच्या नावे दाखवलेल्या बिलांची यादी) उघडून बघा. तुमच्याकडून अठरा टक्के घेतलेल्या दुकानदाराचं बिल तिथं दिसत नसेल, तर त्याचं पुढचं पेमेंट रोखून धरा आणि तोंडावर कारण सांगा.