पाडू नका, उतरवा

साताऱ्याकडचा आमचा वाडा बिल्डरला द्यायचा की नाही, यावरून महिनाभर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रणकंदन चाललंय. ‘पाडू नका’ म्हणून सगळ्यात जास्त गळा काढतोय तो आम्ही परदेशातले. शेवटी चुलतभावाने लिहिलं, “पावसाळ्यात गळतीखाली पातेली लावायला येता का?” मी गप्प बसलो.

त्याच आठवड्यात इंग्लंडच्या वेस्ट ससेक्समध्ये सिंगलटनला जाणं झालं. तिथल्या संग्रहालयात ठिकठिकाणची जुनी घरं आणून पुन्हा उभी केली आहेत. त्यातलं ‘बे-लीफ’ हे केंटमधल्या चिडिंगस्टोनच्या शेतकऱ्याचं घर. बांधणी पंधराव्या शतकाच्या सुरुवातीची, एक टोक शंभरेक वर्षांनी जोडलेलं. बाव बीचच्या जलाशयासाठी ती जागा बुडणार होती, म्हणून १९६०च्या दशकाच्या शेवटी ते सुटं करून उतरवून घेतलं.

आत शिरलो आणि आपसूक खण, म्हणजे खांबांमधले गाळे, मोजायला लागलो. सहा भरले. मधले दोन खण थेट छपरापर्यंत मोकळे, जमिनीवर मधोमध चूल. धुराडं नाही, धूर कौलांच्या फटींतून जायचा. खिडक्यांना काच नाही, लाकडी गज आणि झडपा. भिंती कुडाच्या, म्हणजे विणलेल्या काटक्यांच्या, वर मातीचा गिलावा. कोकणातल्या कारवीच्या कुडाचा सख्खा भाऊच.

पण मी खिळलो तो एका सांध्यापाशी. एका ओकच्या तुळईला जीभ, दुसरीला खाच, आणि आरपार लाकडी खुंटी. खुंटी काढली की सांधा सुटतो, म्हणून तर अख्खं घर गाव बदलू शकलं. आपले सागवानी खांब आणि तुळयाही अशाच एकमेकींत बसवलेल्या. आपण मात्र जेसीबी लावतो, आणि कोरीव दरवाजा तेवढा कुठल्या तरी रिसॉर्टला विकतो.

इकडचं सगळं सोन्याचं आहे असं मुळीच नाही. वारसा यादीतल्या घराची खिडकी बदलायची तरी परवानगी लागते, खर्च मालकाचा, आणि मालक शिव्याही घालतात. शिवाय बे-लीफ वाचलं खरं, पण तिथे आता कोणी संसार करत नाही, लोक फोटो काढून निघतात. आमच्या वाड्याचं असं काही व्हावं असं मला वाटत नाही. भावाला धड संडास आणि न गळणारं छप्पर हवंय, त्यात चूक काय? नव्या इमारतीला माझी ना नाही, फक्त वाडा पाडू नका, उतरवा. आधी मोजमाप घ्या, नकाशा काढा, एकेका लाकडावर नंबर टाका, मग सांधे सोडवा. ओसरीचे तीन खण नव्या इमारतीपुढे पुन्हा उभे राहतील. खर्च माझ्या हिश्श्यातून कापा, असं ग्रुपवर लिहून टाकलं.

रात्री उशिरा भावाचं उत्तर आलं. “पैशाचं राहू दे. आधी सुतार शोधून दे. इथे प्लायवूडचे दरवाजे बसवणारे पन्नास आहेत, खुंटी काढणारा एकही नाही.”