‘नाइस मीटिंग यू’वरची लाल काट: एका पालकांच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही आमच्या क्लासला एकच स्टार दिलात आणि लिहिलंत की मुलीचं बरोबर उत्तर चुकीचं ठरवलं, आणि ‘अफ्रेड’नंतर ‘टू’ येतं की ‘ऑफ’ असं तिने विचारल्यावर ‘पाठ कर’ म्हणून तिला गप्प बसवलं. क्लास मी चालवते, म्हणून उत्तर मीच देते.

तिचा पेपर काल काढून बघितला. दोघी एकमेकींचा निरोप घेतात, असा संवाद होता. तिने ‘इट वॉज नाइस मीटिंग यू’ लिहिलंय आणि त्यावर लाल काट मारून वर ‘टू मीट’ लिहिलंय. चूक आमची आहे. पहिल्यांदा भेटताना ‘नाइस टू मीट यू’, भेट झाल्यावर निघताना ‘नाइस मीटिंग यू’. निघताना ‘इट वॉज नाइस टू मीट यू’ही चालतं, पण म्हणून तिचं उत्तर चुकत नाही. कापलेला गुण दिला आहे. तिची आणि तुमची मनापासून माफी मागते.

‘पाठ कर’ हे तर मलाच पटलेलं नाही. आजी ओल्या पायऱ्या उतरायला घाबरते, म्हणजे उतरतच नाही: ‘अफ्रेड टू गो डाउन’. पण पडणं काही तिच्या मर्जीचं नाही, म्हणून तिथे ‘अफ्रेड ऑफ फॉलिंग’च. ‘शी इज शुअर टू विन’मध्ये खात्री बोलणाऱ्याची असते, ‘शी इज शुअर ऑफ विनिंग’मध्ये तिची स्वतःची. एवढा अर्थ बदलतो, तो पाठ करून कसा कळेल?

सगळीकडे लागू पडेल असा एकच नियम मात्र मी देऊ शकत नाही, कारण तसा नाहीच. मुलांना मी एवढं सांगते: विशेषणामागून ‘ऑफ’, ‘अ‍ॅट’, ‘इन’ असं प्रिपोझिशन आलं की क्रियापदाला ‘आयएनजी’ लावायचं, जसं ‘गुड अ‍ॅट ड्रॉइंग’. नाहीतर बहुतेक वेळा ‘टू’: ‘रेडी टू गो’, ‘इझी टू रीड’. ‘बिझी’ आणि ‘वर्थ’ यांना थेट ‘आयएनजी’. मुलं हमखास अडकतात ती ‘यूज्ड टू’पाशी. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’मधलं ‘टू’ प्रिपोझिशन आहे, म्हणून पुढे ‘गेटिंग’. आपल्याकडेही ‘यायला तयार’, ‘पोहण्यात पटाईत’, ‘वाचण्यासारखं’ असंच असतं. ‘येण्यात तयार’ कुणी म्हटलं तर पहिलीतलं पोरही हसेल, कारण त्याच्या कानावर ते कधी पडलेलं नसतं. इंग्रजीचा तसा कान व्हायला वाक्यं ऐकावी लागतात, बोलावी लागतात. ते आमच्याकडून कमी पडलं.

शनिवारी चार वाजता त्या बॅचला हा धडा मी स्वतः पुन्हा शिकवणार आहे. मुलीला पेपर घेऊन पाठवा. जमलं तर तुम्हीही येऊन बसा.