पाला कुणाचा?

गेल्या रविवारी सकाळी सातच्या सुमारास कोथरूडमधल्या एका अत्यंत सभ्य गल्लीत मला चोरी करताना पकडण्यात आलं. मुद्देमाल म्हणून माझ्याकडे अर्धं पोतं वाळका पाला सापडला. साथीदार, म्हणजे आमचे हे, वीस पावलांवर गाडीत बसून होते आणि शेवटपर्यंत मोबाईलमधून मान वर करायला तयार नव्हते.

पार्श्वभूमी थोडक्यात. आमच्या बाल्कनीत कंपोस्टची बादली आहे. ओला कचरा घरातच जिरवायचा तर त्यावर निदान दुप्पट सुकं घालावं लागतं. भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा यांत नायट्रोजन आणि पाणी फार, वाळक्या पानांत कार्बन. कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण साधारण ३०:१ जमलं की बादलीला पावसाळी मातीचा वास येतो. नाही जमलं की खालच्या मजल्यावरून फोन येतो.

सुकं म्हणून कोकोपीटच्या विटा विकत मिळतात. पण नारळ दक्षिणेत सोलायचा, त्याचा भुसा विटेत दाबायचा, वीट प्लॅस्टिकमध्ये, प्लॅस्टिक खोक्यात, खोकं ट्रकमध्ये आणि ट्रक पुण्यात. पर्यावरण वाचवायला इतकं डिझेल जाळणं मला पटेना आणि त्याचे पैसे मोजणं ह्यांना पटेना. शिवाय फेब्रुवारी महिना. पुण्यात रस्तोरस्ती पानगळ चालू, माल फुकट. फक्त आमच्या गल्लीत नाही, कारण आमच्या बिल्डरनं ओळीनं ते सरळसोट उंच अशोक लावून ठेवलेत. त्यांची सावली पडत नाही आणि पाला मोजूनमापून पडतो.

म्हणून पलीकडची गल्ली. तिथे एका सोसायटीच्या कंपाउंडलगत जंगली बदामाचं मोठं झाड आहे. त्याची पानं फुटपाथभर पडतात. तळहातापेक्षा मोठी, लालभडक, काही कडेनं पिवळी. हातात घेऊन चुरायला गेलं की लगेच मोडत नाहीत, आधी वाकून दाखवतात. मी खाली बसून निवांतपणे ती भरत होते, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

“काय चाललंय?”

वळून बघते तर एक काका. माकडटोपी, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, एका हातात पामेरियनचा पट्टा, दुसऱ्या हातात दुधाची रिकामी प्लॅस्टिकची पिशवी.

“पाला गोळा करतेय, काका.”

“ते दिसतंय. कशाला?”

“खत करायला.”

“कुठल्या सोसायटीच्या तुम्ही?”

“पलीकडच्या गल्लीतली.”

“मग तिकडं झाडं नाहीत?”

“आहेत, पण अशोक आहेत.”

“म्हणजे तुमच्याकडं पानं पडत नाहीत म्हणून तुम्ही आमची उचलणार.”

वाक्यातली ‘आमची’ मला ऐकू आली, पण मी दुर्लक्ष केलं. पुण्यात राहून एवढं शिकलेय की पहिल्या ‘आमची’ला उत्तर दिलं की सकाळ गेली. मी नम्रपणे म्हटलं, “काका, ही फुटपाथवर पडलीत.”

“झाड कुठंय?”

“आत.”

“मूळ कुठंय?”

“मुळाला मी हात लावलेला नाही.”

“ते मी बघतोच आहे. पण झाड सोसायटीचं, म्हणजे पान सोसायटीचं. बाहेर पडलं म्हणून काय झालं? उद्या आमचा मुलगा तुमच्या दारात येऊन पडला, तर काय तुमचा झाला?”

यावर मला खरोखर उत्तर सुचलं नाही. तो मुलगा कोणत्या अवस्थेत दारात येऊन पडेल याचं चित्र डोळ्यांपुढं आलं आणि मी गप्प बसले. तेवढ्या वेळात पामेरियननं मागचा पाय वर करून माझ्या ढिगातल्या वरच्या पानांचा निकाल लावला. सोसायटीच्या मालमत्तेच्या या हानीबद्दल काका काही बोलले नाहीत.

“पुण्यात ‘ब्राउन लीफ’ म्हणून उपक्रम आहे, काका,” मी म्हटलं. “ज्यांच्याकडे पाला जास्त आहे ते, ज्यांना हवाय त्यांना देतात. पोतीच्या पोती.”

“देतात,” काका म्हणाले. “तुम्ही घेताय.”

मग त्यांनी सांगितलं की सेक्रेटरींची परवानगी लागेल. लेखी. मी म्हटलं, पाल्यासाठी? तर म्हणाले, “आज पाला, उद्या फांदी. मागच्या वर्षी कढीपत्ता असाच गेला आमचा. आधी चार पानं, मग डहाळी, मग झाडाचं नुसतं खोड.”

कढीपत्त्याबद्दल मला सहानुभूती आहे. पुण्यातल्या सोसायट्यांचं दुःख इतिहासात कुठं नोंदलं गेलं तर त्यातलं पहिलं प्रकरण कढीपत्त्याचं असेल. आमच्याकडेही झाडाला तारेचं कुंपण आहे आणि त्यावर पाटी आहे, ‘कृपया फोडणीपुरताच घ्यावा’. कुणाच्या फोडणीपुरता, हे लिहिलेलं नसल्यामुळे एका लग्नघरानं तो केटररच्या फोडणीपुरता नेला. तर ते असो.

हे सगळं चालू असताना माझं लक्ष त्या दुधाच्या पिशवीकडे गेलं. ती रिकामी नव्हती. आत चारपाच लाल जास्वंदी होत्या, मूठभर तगर होती, आणि एक अर्धवट उमललेला पिवळा गुलाब होता, जो आमच्या गल्लीत तळमजल्यावरच्या आजींच्या कुंडीत आदल्या संध्याकाळपर्यंत मी स्वतः पाहिला होता.

“काका, ही फुलं कुणाची?”

“देवाची,” काका एका क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले.

आता हा युक्तिवाद बिनतोड आहे. झाडाचं पान गळून रस्त्यावर पडलं, वाळलं, कुत्र्यानं त्यावर पाय वर केला, तरी ते सोसायटीचं. आणि कुणाच्या कुंडीतलं फूल देठापासून खुडलं की ते थेट देवाचं, मधल्या मालकाचा प्रश्नच मिटला. मी म्हणणार होते की माझंही खत तुळशीलाच जातं, पण तेवढ्यात रस्ता झाडणाऱ्या मावशी आल्या. त्यांनी आमच्याकडे बघितलं, पोत्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “न्या की बाई. मी म्हणते अजून दोन पोती न्या. माझं तेवढंच वझं कमी.”

“तुम्ही मध्ये बोलू नका,” काका म्हणाले. “याची आमच्याकडं व्यवस्था आहे.”

“काय व्यवस्था आहे?” मी विचारलं.

“वॉचमन रोज संध्याकाळी व्यवस्था लावतो.”

“म्हणजे जाळतो.”

“व्यवस्था लावतो.”

इथं मात्र माझा सूर चढला. कारण ही व्यवस्था मला चांगली माहीत आहे. संध्याकाळी सहाला ती त्यांच्या गेटच्या कोपऱ्यात पेटते आणि साडेसहाला आमच्या हॉलमध्ये येते. सासूबाई ओल्या नॅपकिननं नाक झाकून मालिका बघतात. मी काकांना सांगितलं की घनकचरा नियमांप्रमाणे कचरा उघड्यावर जाळता येत नाही, आणि २०१६ च्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादानं त्याला ५,००० रुपये दंड ठरवलाय. मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,०००.

“लवाद कुठं बसतो?”

“मुख्य पीठ दिल्लीत. पण आदेश सगळ्या देशाला—”

“दिल्लीत,” काका म्हणाले. “तिथं धूर असतो.”

मग त्यांनी मी वकील आहे का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रस थोडा कमी झाला आणि वेगळाच संशय आला. खत किती रुपये किलोनं जातं, असं त्यांनी विचारलं. मी विकत नाही म्हटल्यावर माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की त्यापेक्षा विकलेलं परवडलं असतं.

या ठिकाणी मला सासूबाईंची आठवण झाली, कारण तीच नजर मला घरी रोज मिळते. लोकांना वाटतं की गावाकडून आलेल्या बायकांना सुनेनं खत केलेलं बघून भरून येत असेल. सासूबाईंचं माहेर आणि सासर दोन्ही सातारा जिल्ह्यातलं, दोन्हीकडे परड्यात उकिरडा. लग्नानंतर वीस वर्षं शेणाची पाटी डोक्यावर घेऊन त्या तिथवर गेल्या. बादली घरात आली त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, “उकिरड्यापासनं सुटका व्हावी म्हणून पुण्याला आले, तर तू तो चौथ्या मजल्यावर आणलास.” त्यांचा खरा राग ताकावर आहे. बादलीतलं कुजणं चांगलं सुरू व्हावं म्हणून मी वरून आंबट ताक शिंपडते. “कढीला ताक नाही म्हणते आणि कचऱ्याला पाजते,” हे त्या येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात. पाहुणे माझ्याकडे काळजीनं बघतात.

घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या ताईंनीही सुरुवातीला विचारलं होतं, “ताई, तुमचं ओलं दिसत नाही हल्ली. आजारी होता का?” मी सांगितलं, घरीच जिरवतो. त्या खूश झाल्या, कारण ओल्याचं वजन उचलायचं त्यांना आणि त्यातून विकता येण्याजोगं काही निघत नाही. या सगळ्या प्रकरणात माझ्यावर खूश झालेल्या व्यक्ती दोनच, त्या ताई आणि या झाडूवाल्या मावशी. बाकी शिकलेल्या मंडळींपैकी प्रत्येकानं मला एकतर हसून घेतलंय किंवा नियम विचारलेत.

आणि खरं सांगायचं तर काकांचं ते मुलगा-दारात-पडला वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या दारात जाऊन पडला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, माणसं दुर्गंधीत जगली, त्यांनी आंदोलनं केली, कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. तेव्हा कोथरूडमधून कुणी माकडटोपी घालून तिथं गेलं नाही की थांबा, ही आमची सालं आहेत, हा आमचा शिळा भात आहे, गेटबाहेर गेला म्हणून काय तुमचा झाला? गेटबाहेर पडलं की कचरा परका होतो. पान मात्र कुठंही पडलं तरी आपलं, आणि तेही कुणीतरी पोतं घेऊन येईपर्यंतच. वर्षभर त्याच पानांनी गटार तुंबतं तेव्हा ती महापालिकेची असतात.

हे मी काकांना म्हटलं नाही. ते मला गाडीत बसल्यावर सुचलं. तिथं मी फक्त म्हटलं, “मग सांगा काय करू?”

काकांनी तोडगा काढला. वॉचमनला बोलावून रजिस्टर आणवलं. पाहुण्यांचं रजिस्टर होतं, लांबट, कोपरे गोलावलेलं, दोरीनं पेन बांधलेलं. नाव, मोबाईल, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही. ‘कुणाकडे’ या रकान्यापाशी वॉचमन थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं, काकांकडं बघितलं, वर बघितलं आणि लिहिलं, ‘बदाम’. ‘काम’ या रकान्यात ‘पाला नेणे, पोते १’. काकांनी चष्मा लावून वाचलं, ‘१’ला गोल करायला लावला, म्हणजे पुढं शून्य घालता येणार नाही, आणि मग मला म्हणाले, “खत झालं की निम्मं आमचं.”

“निम्मं?”

“पाला आमचा, कचरा तुमचा. निम्मं-निम्मंच होतं.”

हिशेब चुकीचा आहे. दुप्पट सुकं धरलं तर त्यांचा वाटा दोनतृतीयांश होतो. मी तो दुरुस्त केला नाही.

गाडीत बसल्यावर ह्यांनी विचारलं, “ओळखीचे होते का कुणी?”

त्यानंतर रजिस्टरमधल्या नंबराचा उपयोग सुरू झाला. सोमवारी सकाळी फोन आला, खत झालं का? मी सांगितलं, काका, दीड-दोन महिने लागतात, आणि बदामाचं पान चिवट असतं, त्याला जास्तच लागतात. “मग बारीक करून घालायचं ना,” काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी फोन, बादलीत अळ्या झाल्यात का, त्यांच्या मेव्हण्याच्या झाल्या होत्या. मी म्हटलं, झाल्यात, त्या चांगल्या असतात, त्याच कचरा खातात. तर म्हणाले, “मग आमच्या पाल्याचं काय राहणार?” गुरुवारी त्यांनी कळवलं की कमिटीत विषय निघालाय आणि वॉचमनला तूर्त व्यवस्था लावू नको म्हणून सांगितलंय. मला क्षणभर आनंद झाला. धुरामुळे नव्हे, असं त्यांनी लगेच स्पष्ट केलं. माल जपून ठेवायचा म्हणून.

आज सकाळी पुन्हा फोन. आवाज दबका, बहुधा माकडटोपीच्या आतून.

“मॅडम, एक बाई आलीय. पोतं घेऊन. तुमच्यापैकीच का?”

“माझ्यापैकी म्हणजे?”

“म्हणजे तुमच्या त्या खतवाल्यांतली. म्हणत्येय परवानगी कशाला, रस्त्यावर पडलाय पाला.”

“कुठला उचलतेय?”

“बदामाचा. चांगला लाल-लाल निवडून घेत्येय.”

“काका,” मी पायात चपला सरकवत म्हटलं, “तिला रजिस्टर दाखवा आणि बोलण्यात गुंतवा. मी पाच मिनिटांत आले.”